केकचं प्लास्टर

धाकट्या जावयाला सासरी काडीचंही काम करायची परवानगी नव्हती, आणि हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव दुःख होतं.

बाकी त्याचं उत्तम चाललं होतं. हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये तो नोकरीला होता. मोडलेली हाडं डॉक्टर जुळवायचे, आणि जुळलेली हाडं हलू नयेत म्हणून त्यांच्यावर पांढरं कवच चढवायचं काम त्याचं. लोक त्याच्याकडे कण्हत यायचे आणि वजन वाढवून जायचे. घरी बायको त्याच्याकडून लादी पुसून घ्यायची, पडदे धुऊन घ्यायची, आणि मनासारखं झालं नाही की पुन्हा धुवायला लावायची. म्हणजे माणूस म्हणून त्याची कुठेतरी कदर होत होती.

पण सासरी पाऊल टाकलं रे टाकलं की सासूबाई म्हणायच्या, "या जावईबापू, बसा." मग तो सोफ्यावर बसायचा. शेजारी थोरला जावई आधीच बसलेला असायचा. थोरला जावई एसी विकायचा आणि बसण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. आतून हसण्याखिदळण्याचे आणि भांड्यांचे आवाज यायचे. सासूबाई दोन्ही मुलींवर ओरडायच्या, सासऱ्यांवर ओरडायच्या, एकदा तर मीटर बघायला आलेल्या माणसाकडून त्यांनी वरच्या फळीवरचा डबा काढून घेतला होता आणि नीट धरला नाही म्हणून त्याला झापलंही होतं. धाकट्या जावयाला त्या माणसाचा आठवडाभर हेवा वाटला होता.

एकदा त्याने स्वतःचा रिकामा कप उचलून स्वयंपाकघरापर्यंत नेला. दारातच सासूबाईंनी तो कप असा काढून घेतला, जसा पोलीस चोराच्या हातून ऐवज काढून घेतो.

"तुम्ही कशाला? बसा तुम्ही."

कित्येक वर्षं तो बसला होता.

तर झालं असं, की त्या वर्षी नाताळचा केक भाजून झाला आणि सासूबाई पडल्या.

या घरातला नाताळचा केक म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सुकामेवा भिजत घालण्यापासून सगळं सासूबाई करायच्या. केक दीड महिना आधी भाजून, गुंडाळून डब्यात मुरत ठेवायच्या. मग नाताळ जवळ आला की त्याच्यावर बदामाच्या मार्झिपानची पोळी, तिच्यावर पांढरंशुभ्र आयसिंग, आणि वर साखरेचे गुलाब. तसे गुलाब आजतागायत दुसऱ्या कुणाला जमलेले नव्हते. केक दुकानातून आणणाऱ्यांबद्दल सासूबाई ज्या आवाजात बोलायच्या, त्या आवाजात इतर लोक घरफोडी करणाऱ्यांबद्दल बोलतात.

त्या वर्षी केक डब्यात ठेवला, आणि आयसिंगची नळकांडी गंजली तर नाहीत ना हे बघायला त्या स्टुलावर चढल्या. नळकांडी ठणठणीत होती. मनगट मोडलं. तेही उजवं.

प्लास्टर अर्थातच धाकट्या जावयाने घातलं. हात धरून ठेवताना सासूबाई कण्हत म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास. तुम्ही बसा ना."

"आई, मी बसलो तर प्लास्टर कोण घालणार?"

"दुसरं कुणी नाही का इथे?"

पुढच्या आठवड्यात सगळे जेवायला जमले असताना सासूबाईंनी डाव्या हाताने चमचा खाली ठेवला आणि जाहीर केलं, "या वर्षी केक दुकानातून आणा."

सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. सासऱ्यांना सोयीप्रमाणे कमी ऐकू यायचं, पण हे त्यांना ऐकू आलं.

"भाजलेल्या केकचं काय करायचं?" बायकोच्या ताईने विचारलं.

"काय करायचं? तसाच खायचा, उघडाबोडका. माझा हात हा असा. तुम्हा दोघींना कधी जमलं नाही. एकीने गुलाब काढला की कोबी होतो, आणि दुसरीला कोबीसुद्धा येत नाही."

"मी आणतो ना दुकानातून," थोरला जावई बसल्या जागेवरून म्हणाला. "आपली ओळख आहे."

थोरल्या जावयाची सगळीकडे ओळख होती.

"मी करतो," धाकटा जावई म्हणाला.

टेबलाखाली बायकोने त्याला लाथ मारली. ती चुकून सासऱ्यांना लागली, पण त्यांनी ती शांतपणे घेतली.

"काय करता?" सासूबाई म्हणाल्या.

"आयसिंग. सजावट. सगळं."

"छे छे. तुम्ही कशाला? तुम्ही—"

"आई, बसा म्हणू नका," तो म्हणाला. "एकच विचारतो. तुमच्या हाताचं प्लास्टर कसं झालंय?"

सासूबाईंनी हाताकडे पाहिलं. प्लास्टर खरोखर देखणं होतं. कुठे उंचवटा नाही, कुठे सुरकुती नाही, कडा आत वळवून गोल केलेल्या. शेजारच्या बाईंनी तर हात फिरवून विचारलं होतं की घराच्या भिंतीही हाच मुलगा करतो का.

"चांगलंच झालंय," सासूबाई नाइलाजाने म्हणाल्या.

"मग? तेही पांढरं, हेही पांढरं. तेही ओलं लावायचं, हेही ओलं लावायचं. फरक एवढाच की केक ओरडत नाही."

मग सासूबाईंनी डाव्या हाताने कपाटातला केकचा डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. सोडला मात्र नाही. तो डबा ओढत होता आणि त्या धरून होत्या.

"बिघडलं तर?"

"बिघडलं तर पुन्हा कधी सोफ्यावरून उठणार नाही. मरेपर्यंत बसेन."

सासूबाईंनी डबा सोडला.

"तरी मी एक दुकानातला आणून गाडीत ठेवतो," थोरला जावई म्हणाला. "बॅकअप."

*

घरी ओट्यावर धाकट्या जावयाने केक डब्यातून काढला, दोन बोटांनी दाबून पाहिला आणि सवयीने विचारलं, "इथे दुखतं का?"

"मला आत्ताच भीती वाटायला लागलीय," बायको म्हणाली.

केकवर मार्झिपानची पोळी नीट बसली. ती फक्त लाटायची आणि पांघरायची होती, आणि लोकांवर चादर घालायची त्याला सवय होती. मग त्याने केकभोवती बटरपेपरच्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. आधी बाजूने, मग वरून, एकीवर एक चढवत.

"हा कागद कशाला?" बायकोने विचारलं.

"थेट कातडीवर प्लास्टर कधीच घालत नाहीत. आधी कापूस गुंडाळतात. इथे कापूस कसा चालेल? म्हणून कागद."

"पण ही कातडी नाही. मार्झिपान आहे. आयसिंग त्याला चिकटायला पाहिजे."

"चिकटलं की काढताना ओढलं जातं. पेशंट बोंबलतो."

"केक आहे रे तो!"

"हो ना," तो म्हणाला, आणि गुंडाळतच राहिला. नोकरीला लागल्यापासून त्याने एकही कवच अस्तराशिवाय चढवलं नव्हतं. हात ऐकेचनात.

आयसिंगची कृती सासूबाईंनी फोनवर सांगितली. अंड्याचा पांढरा बलक, पिठीसाखर, लिंबाचे थेंब. "आणि शेवटी चमचाभर ग्लिसरीन," त्या म्हणाल्या. "विसरू नका बरं का."

तो विसरला नाही. त्याने विचार केला आणि मग घातलं नाही. ग्लिसरीन हॉस्पिटलात भेगा पडलेल्या टाचांना लावतात हे त्याला पक्कं माहीत होतं. केकच्या टाचांना भेगा नव्हत्या. सासूबाईंच्या टाचांना मात्र होत्या, म्हणून त्याने अंदाज बांधला की बोलता बोलता त्यांचा विषय बदलला असावा. मोठ्या माणसाला तोंडावर कशाला सांगायचं, म्हणून तो फक्त "काळजी घ्या" म्हणाला.

पहिला थर त्याने ओल्या तळव्यांनी चढवला. गोल गोल, एका दिशेने, न थांबता. वाळू दिला. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. मग तिसरा. नेहमीच्या लोकांचं एका थरात भागतं, पण याला एक थर म्हणजे निष्काळजीपणा वाटत होता. उद्या केकने वजन टाकलं तर? प्रत्येक थरानंतर तो बोटाच्या पेराने टकटक करून आवाज ऐकायचा. आधी आवाज 'पट' असा होता, मग 'टक' असा झाला, आणि शेवटी कुणीतरी दार वाजवतंय असं वाटून बायको दार उघडायला गेली.

केक मात्र दिसत होता! त्याच्यावर डाग नव्हता, रेघ नव्हती, खळगा नव्हता. बायकोने हात फिरवला आणि तिला कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आपल्या नवऱ्याच्या नोकरीबद्दल आदर वाटला.

"आता गुलाब," ती म्हणाली.

इथे गाडी अडली. त्याने कागदावर नळकांड्याने पहिला गुलाब काढला. तो कान झाला. दुसरा काढला, तोही कान झाला, पण पहिल्याच्या विरुद्ध बाजूचा, त्यामुळे जोडी जमली. बायकोने काढून पाहिला तर घराण्याच्या परंपरेप्रमाणे कोबी झाला. संध्याकाळपर्यंत कागदावर नऊ कान आणि एक कोबी वाळत पडले होते.

"सांगूया का आईला?" बायको हळूच म्हणाली. "की नाही जमलं म्हणून?"

त्याने केककडे पाहिलं. पांढराशुभ्र, गुळगुळीत, रिकामा. इतक्या रिकाम्या पांढऱ्या गोष्टीशी लोक काय करतात? रोज तर बघतो आपण.

"फुलं नकोत," तो म्हणाला. "खायचे रंग आण. आणि ब्रश. बारीक."

"तू चित्र काढणार?"

"मी कशाला? मी फक्त प्लास्टर घालतो. त्यावर लिहायचं काम नातेवाइकांचं."

*

नाताळच्या दिवशी केक गाडीच्या मागच्या सीटवर उशीवर ठेवून, पट्टा बांधून सासरी आला. प्लास्टर घातलेला अवयव उंचावर ठेवायचा असतो. धाकट्या जावयाच्या हातात एक पेटी होती. सासूबाईंचं मनगट जुळलंय असं एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले होते, पण सुट्टीमुळे प्लास्टर रूम बंद. तेव्हा प्लास्टर कापायचं यंत्र घरी नेऊन हात मोकळा कर, अशी परवानगी त्याला मिळाली होती.

"या जावईबापू, बसा," सासूबाई म्हणाल्या आणि केकवरचं फडकं उचललं.

त्यांनी केकभोवती एक फेरी मारली. वाकून कडा पाहिली. डोळा मिटून पातळी पाहिली.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"हाताने?"

"हो."

"इतकं साफ तर माझंही होत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांना पोटातून ओढून काढावं लागलं असावं, कारण त्यानंतर त्या खुर्चीवर टेकल्या. "पण नुसताच पांढरा? गुलाब कुठे आहेत?"

त्याने रंगांच्या वाट्या आणि ब्रश टेबलावर मांडले.

"प्लास्टर घातलं की घरचे त्याच्यावर लिहितात ना? तसंच. ज्याने त्याने आपलं काहीतरी काढायचं."

सासरे सगळ्यात आधी उठले. जीभ बाहेर काढून, वळणदार अक्षरात त्यांनी केकच्या बाजूवर लिहिलं: लवकर बरा हो.

"बाबा, तो केक आहे," बायको म्हणाली.

"मग काय झालं? शुभेच्छा कुणालाही चालतात."

ताईने चांदण्या काढल्या. बायकोने अत्यंत आत्मविश्वासाने कोबी काढला आणि तो कोबीच आहे असं आधीच सांगून टाकलं. थोरल्या जावयाने एसीच्या दुकानाचा फोन नंबर लिहिला.

"आणि आई?" धाकट्या जावयाने ब्रश पुढे केला. "वरची जागा तुमच्यासाठी राखलीय."

"मी कशाने काढू? हा हात तर तुम्हीच बांधून ठेवलाय."

"डावा मोकळा आहे."

सासूबाईंनी डाव्या हातात ब्रश असा धरला, जसं कुणी दुसऱ्याचं मूल धरतं. पहिली रेघ थरथरली. दुसरी तिला सावरायला गेली आणि तीही थरथरली. मग त्यांनी थांबणं सोडलं. पाकळीमागून पाकळी, वाकडी, लाल, एकीच्या कुशीत दुसरी. त्या मागे सरकल्या तेव्हा केकच्या मधोमध एक मोठा गुलाब फुलला होता. थोडा झुकलेला, पण शंभर टक्के गुलाब.

"कान नाही झाला," धाकटा जावई भारावून म्हणाला.

"कान कशाला होईल?" सासूबाई म्हणाल्या, पण डोळे पुसत होत्या. "चला, कापूया."

सुरी सासऱ्यांनी चालवली. सुरी केकवरून घसरली आणि टेबलावर गेली. त्यांनी पुन्हा टेकवून जोर लावला. सुरी वाकली. ताईने ब्रेड कापायची दातेरी सुरी आणली; तिने मोठा आवाज केला आणि एक चांदणी किंचित फिकट केली.

"बाजूला व्हा," असं म्हणून थोरला जावई उभा राहिला. तो उभा राहिल्यामुळेच सगळ्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं. त्याने केकवर टकटक केलं.

"कोण आहे?" दुसऱ्या खोलीतून शेजारच्या बाईंनी विचारलं. त्या नाताळच्या शुभेच्छा द्यायला येऊन बसल्या होत्या.

"साडूभाऊ," थोरला जावई म्हणाला, "हा केक नाही, वारसा आहे. नातवंडं जन्माला आली की त्यांच्या नातवंडांना दे."

"ग्लिसरीन घातलं होतंत का?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

"ते... टाचांना लावायचं ना?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "अहो, ते घातल्याने आयसिंग मऊ राहतं!"

खोलीत अशी शांतता पसरली की सासऱ्यांनाही ऐकू आली. धाकट्या जावयाला लांबवर सोफा दिसत होता. सोफ्यात त्याच्या आकाराचा खळगा होता, आणि तो खळगा जन्मभर त्याची वाट बघायला तयार होता.

"काही हरकत नाही," थोरला जावई किल्ल्या खुळखुळवत म्हणाला. "बॅकअप आहे." आणि तो खाली गाडीकडे गेला.

बायको नवऱ्याच्या कानाशी लागली. "बोल काहीतरी."

त्याने केकला टकटक केलं, ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते भाव आले जे फक्त सोमवारी सकाळी, प्लास्टर रूमबाहेर रांग लागली की यायचे.

"आई," तो म्हणाला, "पेशंट बरा झालाय. प्लास्टर काढायची वेळ झालीय."

त्याने पेटी उघडली. यंत्राला नवंकोरं पातं पाकिटातून काढून लावलं, वायर प्लगमध्ये घातली. यंत्र घूं करून सुरू झालं तसे शेजारच्या बाई उठून बाहेर आल्या आणि लगेच परत आत जाऊन बसल्या.

"अहो, चुरा होईल सगळ्याचा!" सासूबाई ओरडल्या. "माझा गुलाब!"

"होणार नाही. हे पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं. कडक असेल तेच कापतं. मऊ लागलं की कापतच नाही. हे बघा." त्याने चालू पातं स्वतःच्या तळहाताला टेकवलं. सासरे किंचाळले. तळहाताला काही झालं नव्हतं.

"मग आधी माझा हात की आधी केक?"

"तुम्ही सांगाल तसं."

"आधी केक," सासूबाई म्हणाल्या. "माझा हात थांबेल."

तो गुडघ्यांवर बसला. वर हात लावायची गरजच नव्हती. बुडाशी, जिथे आयसिंग ताटलीला धरलं होतं, तिथे त्याने पातं टेकवलं. पांढरी धूळ उडाली. बोटभर पुढे, पुन्हा टेक, पुन्हा पुढे. कवच संपून पातं कागदाला लागलं की आवाज बदलायचा, तो हात उचलायचा. ताई ताटली फिरवत होती. बायको धूळ फुंकत होती. सासरे विनाकारण टॉर्च धरून उभे होते. फेरी पूर्ण झाली. यंत्र बंद झालं.

धाकट्या जावयाने दोन्ही तळवे कवचाला लावले, थोडं डावीकडे वळवलं, थोडं उजवीकडे.

"दीर्घ श्वास घ्या," तो म्हणाला. सगळ्यांनी घेतला.

आणि त्याने उचललं. अख्खंच्या अख्खं. गुलाब, चांदण्या, कोबी, फोन नंबर आणि 'लवकर बरा हो' यांसकट ते पांढरं कवच टोपीसारखं वर आलं. त्याला साधी चीरसुद्धा नव्हती. खाली कागद. त्याने पट्ट्या एकेक करून सोडवल्या, आणि आतून पिवळसर मार्झिपानचं पांघरूण घेतलेला केक बाहेर आला, मऊ, ओलसर. वास घरभर पसरला. शेजारच्या बाई त्या वासाने पुन्हा बाहेर आल्या आणि या वेळी थांबल्या.

"म्हणून कागद," बायको म्हणाली. "बघ, मी म्हटलंच होतं."

तिने असं काही म्हटलं नव्हतं, पण विजयाच्या वेळी तो हिशोब कोण करतो.

सासूबाईंनी सुरी घेतली, डाव्या हाताने. ती लोण्यात जावी तशी केकमध्ये गेली. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि मग कवच उचलून कापलेल्या केकवर परत ठेवलं. बेमालूम बसलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

"माझे गुलाब पहिल्याच सुरीला फुटायचे," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. मी तेव्हा दुसरीकडे बघायचे."

एवढ्यात थोरला जावई खोका घेऊन धापा टाकत वर आला. विजयी मुद्रेने त्याने झाकण उघडलं. केकवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: निवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा.

"खोका बदलला वाटतं," तो म्हणाला.

सासरे मात्र हेलावले. "माझ्या निवृत्तीला कुणी केक आणला नव्हता," ते म्हणाले, आणि तो खोका उचलून आपल्या खुर्चीपाशी घेऊन गेले.

मग सासूबाईंचा हात. यंत्र पुन्हा घूं झालं, दोन्ही बाजूंनी रेघा पडल्या, चिमट्याने कवच फाकलं, आतला कापूस कात्रीने कापला, आणि मनगट बाहेर आलं. बारीक, फिकट, पण सरळ. सासूबाईंनी बोटं मिटली, उघडली, मनगट हळूच फिरवलं. सगळे बघत होते. आता त्या या मोकळ्या हाताने पहिल्यांदा काय करणार? जावयाच्या डोक्यावर ठेवणार, असं बायकोला वाटलं. तिने फोन काढून तयार ठेवला.

सासूबाईंनी तो हात सिंककडे नेला, ओली घासणी उचलली आणि धाकट्या जावयाच्या छातीवर दाबली.

"उभे काय राहिलात? साखरेची धूळ उडवलीत घरभर. ओटा पुसा. स्वयंपाकाची भांडी पडलीत, ती घासा. आणि मागची बाजूही घासायची असते, आधीच सांगून ठेवते."

धाकट्या जावयाने बाह्या दुमडल्या.

थोरला जावईही चुळबुळत उठू लागला. "मी काही करू का, आई?"

"छे छे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

तो बसला. आतून पाण्याचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला, आणि मग सासूबाईंचा, खणखणीत, घरभर ऐकू जाईल असा:

"अहो, ही काय घासली म्हणायची कढई? तेल तसंच आहे! पुन्हा घासा!"

"घासतो, आई!" धाकटा जावई ओरडला. इतक्या आनंदाने कढई आजवर कुणीच घासली नव्हती.